तळ्याकाठी शाळा भरवायची तर सुरुवात कुठून करायची

दर हिवाळ्यात चार-पाच जणांचा तरी फोन येतो, दादा आमच्या गावाला पाझर तलाव आहे, पोरांना आणि गावातल्या लोकांना पक्षी, पाणी, पर्यावरण असं काहीतरी दाखवायचंय, कसं करू. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी निफाड तालुक्यातला, त्यामुळे नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य तसं दारातच, पण मी जे काही शिकलोय ते तिथे नाही, आमच्या गावाबाहेरच्या एका साध्या तलावावर शिकलोय ज्याला धड नावही नाही, सगळे नुसतं तळं म्हणतात.

आधी माझी फजिती सांगतो म्हणजे तुम्ही तरी करणार नाही. पहिल्या कार्यक्रमाला आम्ही ४२ माणसं गोळा केली, फ्लेक्स लावला, स्पीकर आणला, प्रमुख पाहुणे बोलवले. पाहुण्यांनी माईक हातात घेऊन हॅलो हॅलो चेक केलं आणि तळ्यावरची सगळीच्या सगळी बदकं उठली ती दिवसभर परत आली नाहीत. पाऊण तास भाषण रिकाम्या पाण्यासमोर. त्यात येताना पोरं शॉर्टकट म्हणून एकाच्या हरभऱ्यातून चालत आलेली, तो काठी घेऊन आला, आणि खरं सांगायचं तर त्याचंच बरोबर होतं. शेवटी काठावर काय उरलं तर भेळीच्या प्लेटा. पर्यावरणाच्या कार्यक्रमाच्या!

पायरी १: एकच तळं धरा

नवीन माणूस पहिली चूक ही करतो की लांबचं, मोठं, फोटोत छान दिसणारं ठिकाण निवडतो. नका करू. घरापासून चालत जाता येईल असं पाणी बघा, गावतळं, पाझर तलाव, जुनी दगडाची खाण भरलेली असेल ती, काहीही चालेल. कारण हा सगळा खेळ त्याच जागी, त्याच माणसांबरोबर, वर्षात बारा वेळा जाण्याचा आहे. ऑक्टोबरात काठोकाठ भरलेलं पाणी ज्या पोरानं बघितलंय आणि मे महिन्यात तिथेच भेगाळलेल्या चिखलावर जो उभा राहिलाय त्याला पाणथळ म्हणजे काय हे वेगळं शिकवायला लागत नाही.

मोठ्या ठिकाणी सहल काढा ना, पण वर्षातून एकदा, बक्षीस म्हणून. नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीतली, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली, मग त्याच वर्षी लोणार आणि २०२२ ला ठाणे खाडी. तिथे नेलं तर मुलांना एक गोष्ट जरूर दाखवा, ही जागा निसर्गाने एकट्याने बनवलेली नाही. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, वर्षानुवर्षं मागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, गवत वाढलं आणि मग पक्षी आले. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने जी अडचण ती चित्रबलाकासारख्या पाणपक्ष्याच्या दृष्टीने सोय. हे वाक्य पोरांना लगेच पटतं, मोठ्यांना जरा वेळ लागतो.

पायरी २: आधी एकटे जा, आणि काठावर कोण आहे ते बघा

लोकांना न्यायच्या आधी किमान तीन वेळा एकटे जा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी असं वेगवेगळ्या वेळी. कुठे घसरतं, कुठे खोल आहे, सांडव्याच्या भिंतीवर शेवाळ कुठे धरलंय, शेतातून वाट कुणाची आहे, सगळं बघून ठेवा. तलाव ग्रामपंचायतीचा की जिल्हा परिषदेचा की जलसंपदा विभागाचा हे विचारून घ्या आणि साधा एक अर्ज देऊन ठेवा, पोच घ्या. अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन विभागाची परवानगी लागणारच.

पण कागदापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे. आमच्या तळ्यावर भोई समाजातले एक म्हातारे बाबा आहेत, मी दोन महिने दुर्बीण गळ्यात घालून त्यांच्या समोरून जायचो, ते काही बोलायचे नाहीत. एक दिवस म्हणाले, "काय मोजतो रं रोज? पाणकावळे मोजून दे मला, माझे मासे कोण खातंय ते तरी कळंल." बसलो मग शेजारी. दीड तासात त्यांनी जे सांगितलं ते मला तीन वर्षांत कळलं नसतं, मरळ मासा पिलांना घेऊन कुठल्या बाजूला फिरतो, पाणी कुठल्या महिन्यात वास मारतं, चिलापी कधीपासून वाढली, आधी काय काय मिळायचं जे आता मिळत नाही. आता आमच्या प्रत्येक फेरीत पहिली दहा मिनिटं बाबांची. मी गप्प. तुमच्याकडे भोई नसतील तर मेंढरं पाण्यावर आणणारे असतील, धुण्याला येणाऱ्या मावश्या असतील. त्यांना श्रोते म्हणून बोलवू नका, बोलायला बोलवा.

आणि एक, पहिल्या बैठकीत रामसर, अभयारण्य, संरक्षित क्षेत्र असले शब्द काढूच नका. लोकांना लगेच वाटतं आता जमीन जाणार, गुरं बंद, मोटर बंद. एकदा ती शंका बसली की मग तुम्ही कितीही पक्ष्यांचे फोटो दाखवा. तसंही २०१७ च्या पाणथळ नियमांमध्ये सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळलेलेच आहेत, त्यामुळे गावच्या पाझर तलावाला तो कायदा येऊन वाचवेल या भ्रमात राहू नका. त्याच्यापेक्षा जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला पाहिजे आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही पण, म्हणजे गावातल्या झाडं-प्राणी-पक्ष्यांची नोंद. ग्रामसेवकांना गोड बोलून ती बघायला मागा. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात असते. तुमच्या तळ्याचं पान त्यात नसेल तर ते भरून देणं हे वर्षभराचं एक चांगलं काम आहे.

पायरी ३: वेळ आणि माणसं

पंधरा माणसं, जास्त नाही. जास्त आले तर दोन गट करा.

पक्षी बघणारे सगळे सकाळी साडेसहा म्हणतात. बरोबर आहे, पण डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा चार-पाच अंशांवर येतो, त्या वेळी आठ वर्षांच्या पोराला पाण्याच्या काठावर उभं केलं तर त्याला आयुष्यभर पक्षी आवडणार नाहीत. आठ वाजता निघा. शिवाय आमच्याकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे, अंधारात पोरं घेऊन बांधावरून जायचं नाही, हा नियम मोडायचा नाही कुणीही कितीही उत्साही असलं तरी. सगळ्यांनी एकत्र चालायचं, गप्पा मारत. शांतता तळ्याजवळ गेल्यावर.

बायकांची फेरी वेगळी ठेवा आणि दुपारी चारला ठेवा. हे मला बचत गटातल्या एका काकूंनी सुनावलं तेव्हा कळलं, "सकाळी सातला तुमचे पक्षी बघायला येऊ तर घरचे डबे कोण करणार, तुमचे पक्षी?" चारला ठेवल्यावर बावीस जणी आल्या, म्हणजे माझाच पंधराचा नियम मोडला, पण असू दे. बाजाराचा वार टाळा. दहावी-बारावीच्या परीक्षा टाळा. आणि जवळ संडासाची सोय कुठे आहे ते आधी सांगा, नाहीतर मुली येत नाहीत आणि कारणही सांगत नाहीत.

पायरी ४: पहिला दिवस, दहा पक्षी, बास

पहिल्या दिवशी माहितीचा पाऊस पाडू नका. दहा पक्षी निवडा जे दिसणारच आहेत. आमची यादी: टिटवी, शेकाट्या, खंड्या, गाय बगळा, राखी बगळा, पाणकावळा, टिबुकली, हळदी-कुंकू बदक, वारकरी आणि कमळपक्षी. यातली निम्मी नावं ऐकूनच माणसं हसतात आणि हसली की लक्षात राहतात. वारकरी अख्खा काळा आणि कपाळावर गोपीचंदन लावल्यासारखा पांढरा टिळा. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा डाग, मुळाशी लाल ठिपके, हे दुर्बिणीतून दिसल्यावर आमच्या आजी म्हणाल्या अगं बाई खरंच की. शेकाट्याचे पाय बघून एका पोराने त्याला काटकुळ्या नाव दिलं, आम्ही ते चालू ठेवलंय. गावात आधीचं काही नाव असेल तर तेच वापरा, पुस्तकातलं नंतर.

दुर्बीण ८×४२ ची घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं, एक-दोन पुरतात. पहिल्यांदा हातात घेतलेल्या माणसाला आत नुसतं काळं दिसतं आणि तो लाजून "हो हो दिसला" म्हणतो. म्हणून आधी मंदिराच्या कळसावर सराव करून घ्या: दोन्ही नळ्या आपल्या डोळ्यांच्या अंतराएवढ्या उघडायच्या, चष्मा असेल तर रबरी कडा आत ढकलायच्या, मग मधलं चाक फिरवायचं. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण वर आणायची.

मोजायला शिकवायचं तर घरीच सुरू करा. ताटात मूठभर तूरडाळ टाका, पाच सेकंद दाखवा, झाका, आणि विचारा किती. कुणी पन्नास म्हणतं कुणी पाचशे. मग मोजा. दहा दाणे केवढी जागा घेतात ते नजरेत बसलं की तेवढे तेवढे गठ्ठे मोजत पुढे जायचं, तळ्यावरचा थवा पण असाच मोजतात. आमच्या पोरांचा अंदाज आता माझ्यापेक्षा बरा आहे.

मोबाईलवर मर्लिन ॲप आवाज ओळखायला बरं, नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका. पण पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. त्याला वाटतं हद्दीत दुसरा कुणी घुसला, तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो, तुम्हाला फोटो मिळतो आणि त्याची सकाळ वाया जाते.

पायरी ५: गाळणी आणि पांढरं ताट

आता माझा सगळ्यात आवडता भाग, आणि याला खर्च शंभर रुपयेसुद्धा येत नाही. चहाची मोठी गाळणी घ्या, लांब काठीला तारेने घट्ट बांधा. एक पांढरं ताट किंवा आइस्क्रीमचा पसरट पांढरा डबा. ताटात दोन बोटं तळ्याचं पाणी. काठावर बसून, पाण्यात न उतरता, पाणवनस्पतींच्या मुळाशी गाळणी दोन-तीन वेळा हलकेच फिरवायची आणि ताटात उपडी करायची. मग एक मिनिट कुणी हलायचं नाही.

पहिल्यांदा नुसता कचरा दिसतो. मग कचऱ्यातला एक तुकडा चालायला लागतो.

गोगलगायी असतात, पाण्यावर निवळ्या घसरत असतात, पाठीवर पोहणारे किडे असतात, नशीब असेल तर पाणविंचू. आणि असते चतुराची अळी. हो, तो पावसाळ्यात उडणारा चतुर, हेलिकॉप्टर म्हणतात पोरं, त्याचं लहानपण सगळं पाण्यात जातं. मातकट, बोटाच्या पेराएवढी, दिसायला काही खास नाही. पण तिच्या समोर डासाची अळी वळवळत आली की बघा, खालचा ओठ घडी करून तोंडाखाली ठेवलेला असतो तो एकदम पुढे फेकते आणि शिकार आत. डोळ्याची पापणी लवायच्या आत. मी हे पन्नास वेळा बघितलंय आणि पोरं ओरडतात तेव्हा मीही ओरडतो. घाबरली की मागच्या बाजूने पाण्याची पिचकारी मारून रॉकेटसारखी पुढे सरकते. यानंतर "डास मारायला तळ्यात औषध टाकू" असं कुणी म्हटलं तर पोरंच उत्तर देतात, औषधाने ही पण मरेल ना.

आता हीच गाळणी गटार जिथे तळ्याला मिळतं तिथे फिरवा. तिथे बहुतेक वेळा चतुर नसतो, लालभडक बारीक अळ्या असतात, वळवळणाऱ्या. डासासारखी दिसणारी पण न चावणारी एक माशी असते तिच्या या अळ्या. लाल का, तर त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे जिथे प्राणवायू जवळपास संपलाय अशा घाण चिखलातही त्या जगतात. एक ताट इकडचं, एक ताट तिकडचं, दोन्ही शेजारी ठेवा आणि काही बोलू नका. आमच्याकडे सरपंच आले होते त्या दिवशी, दोन्ही ताटांकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं की हे गटार कुठल्या वस्तीवरून येतं.

ताट उन्हात ठेवू नका, पाच-दहा मिनिटांत सगळं हळूच परत तळ्यात. साबणाने हात धुणं सक्तीचं. पायाला जखम असेल त्याने चिखलात जायचं नाही.

पायरी ६: पाण्याच्या वाटेने उलटं चाला

सरपंचांच्या त्या प्रश्नावरूनच ही फेरी सुरू झाली. तळ्यापासून सुरुवात करायची आणि गटाराच्या कडेने उलटं गावात चालत जायचं, जिथे जिथे पाणी येऊन मिळतं तिथे वहीत खूण करायची. आम्ही निघालो आणि चाळीस मिनिटांनी पोहोचलो माझ्याच घराच्या मोरीपाशी. सगळे माझ्याकडे बघतायत. काय बोलणार!

पण शाश्वत जीवनशैली वगैरे जे शब्द आहेत ते इथे कुठे पाय टेकतात. साबणाचं, भांड्याचं, संडासाचं पाणी तळ्यात गेलं की ते जलपर्णीला खत. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती, खत मिळालं की पाणी झाकून टाकते, खाली उजेड जात नाही, कुजलं की उरलेला प्राणवायूही जातो, आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात कारण रात्रभर वनस्पतीसुद्धा प्राणवायू वापरतच असतात. जलपर्णी काढायचं श्रमदान जरूर करा, फोटो छान येतात, पण गटार तसंच राहिलं तर दोन महिन्यांत परत तेवढीच.

मी घरी शोषखड्डा केला, म्हणजे मोरीचं सांडपाणी जमिनीतच जिरवणारा खड्डा. साधारण चार फूट लांब-रुंद-खोल, खाली मोठे दगड, वर लहान, मध्ये भोकं पाडलेली टाकी, वर जाळी म्हणजे भाताची शितं आत जात नाहीत. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर तिथे करू नका, आणि काळी चिकण माती असेल तर खड्डा मोठा लागतो. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही, त्याची टाकी वेगळी. आमच्या गल्लीत आता सात झालेत. सगळ्यांनी पर्यावरणासाठी नाही केले, दोघांनी दारातला चिखल आणि डास जावेत म्हणून केले, तळ्याला त्याने काय फरक पडतो.

गणपतीचं निर्माल्य, प्लास्टिकची पिशवी सोडून फक्त फुलं-पानं, आता खतखड्ड्यात जातं. हे भाषणाने झालं नाही, एका आजींनी सुरू केलं आणि मग बाकीच्यांना नाही म्हणता येईना.

पायरी ७: भांडण होणारे विषय

मांजा: संक्रांतीला बदकं तळ्यावर भरलेली असतात आणि इकडे येवल्यापासून निफाडपर्यंत आभाळ पतंगांनी. नायलॉन मांजाला बंदी आहे तरी मिळतो. पतंग उडवू नका म्हणायला जाऊ नका, कुणी ऐकणार नाही, मीही उडवतो. साधा दोरा वापरा म्हणा आणि सणानंतरच्या रविवारी पोरांना काठावरचा मांजा गोळा करायला लावा. मागच्या खेपेला एका बाभळीवरून किती निघाला ते बघून पोरं स्वतःच गप्प झाली.

साप: दिवड सगळ्यात जास्त मारली जाते, बिनविषारी आहे पण चावते म्हणून. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं आणि चित्रं पाठ करून घ्या. कुणाला साप चावला तर कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही, मांत्रिक नाही, हलवाहलव कमी आणि थेट सरकारी दवाखाना, १०८ ला फोन. साप किंवा जखमी पक्षी दिसला तर वन विभागाचा १९२६ नंबर.

खायला घालणं: कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण टाकायचं फॅड आलंय रीलमुळे. नाही म्हणजे नाही.

घरटी: टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये खड्यासारखीच अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की समजा तुम्ही अंड्यांच्या जवळ आहात, पाय बघून ठेवा, आल्या वाटेने मागे फिरा. फोटो नाही.

गाळ: हा मेमधला विषय, आणि इथे माझं मत सगळ्यांना पटत नाही. गाळ काढला पाहिजे, शेतकऱ्याला माती मिळते, पाणी वाढतं, मान्य. पण जेसीबीवाल्याच्या हातात दिलं की तो चारी बाजू सरळ उभ्या कापतो, तळ्याची बादली होते. चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना बोटभर पाणी लागतं आणि गुरांना पाण्यावर उतरायला उतार लागतो. म्हणून एक बाजू, निदान गावठाणाकडून लांबची, उतरती सोडा असं ग्रामसभेत आधीच बोलून ठेवा. गुरांचा मुद्दा पुढे करा, तो लगेच मंजूर होतो, पक्षी मागोमाग येतात.

पायरी ८: वर्षाचं वेळापत्रक आणि वही

५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, तेव्हा शाळेत सुरुवात करा. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना, २ फेब्रुवारी जागतिक पाणथळ दिवस, १९७१ ला त्या दिवशी इराणमधल्या रामसर गावात करार झाला म्हणून. मे गाळ, जून पहिला पाऊस आणि बेडूक, बेडकांची फेरी रात्री असते म्हणून फक्त मोठ्यांची आणि बॅटरी, गमबूट घेऊन. मधल्या महिन्यांत नुसतं जाऊन बसलात तरी चालेल.

वही मात्र प्रत्येक वेळी. तारीख, वेळ, पाणी कुठल्या दगडापर्यंत आहे, कोण आलं, काय दिसलं, किती. काहीच दिसलं नाही तर काहीच दिसलं नाही असं लिहा, ते पण कामाचं असतं. वही तुमच्या घरी ठेवू नका, शाळेत किंवा वाचनालयात ठेवा, तुम्ही नोकरीला बाहेर गेलात तर काम थांबायला नको. आमची वही सध्या सातवीतल्या दोन मुलींकडे आहे आणि त्या मला हात लावू देत नाहीत कारण माझं अक्षर वाईट. आणि लिहायला पेन्सिल, बॉलपेन नाही, जेलपेन तर अजिबात नाही. आमचं गेल्या पावसाळ्यातलं जुलैचं अख्खं पान निळं झालंय, त्यात फक्त खंड्या २ एवढंच वाचता येतं.